प्वेब्लो घागरींवरची नक्षी

एक घागर डोळ्यांसमोर आणा. मातीचीच, पण आपल्या घागरीसारखी तांबडी किंवा काळी नव्हे. तिला चुन्यासारखा पांढरा लेप दिलेला आहे आणि त्या लेपावर काळ्या व तांबड्या रंगात नक्षी काढलेली आहे. गळा संपून पोट सुरू होते तिथे सबंध घागरीला वेढा घालणारी एक जाड काळी रेघ आहे. तुम्ही ती घागर हातात घेऊन सावकाश फिरवता. रेघही तुमच्याबरोबर फिरत येते, आणि जिथून निघाली तिथे पोचण्याच्या किंचित अलीकडे थांबते. दोन टोकांच्या मध्ये थोडी जागा कोरीच.

प्रथम पाहणाराला वाटते, काढणारीचा हात चुकला असेल. पण दुसरी घागर घ्या, तिसरी घ्या. पुष्कळींवर ती रेघ तशीच तुटलेली. मग ही चूक नव्हे, हे ध्यानात येते. आज मी तुम्हांला या घागरींविषयी आणि त्या रंगविणाऱ्या बायांविषयी थोडे सांगणार आहे.

या घागरी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतल्या. नैर्ऋत्येला न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ही दोन राज्ये आहेत. तिथे दगडामातीची, एकावर एक मजले चढविलेली घरे बांधून शेकडो वर्षे गावे करून राहिलेले लोक आहेत. स्पॅनिश लोक १५४० साली तिकडे आले. त्यांनी ही गावे पाहिली आणि आपल्या भाषेतला गावाचा शब्द त्यांना लावला, 'प्वेब्लो'. तेच पुढे लोकांचेही नाव झाले. पण हे सगळे एक नव्हेत बरे का. न्यू मेक्सिकोत आज अशी एकोणीस गावे आहेत आणि पश्चिमेला ॲरिझोनात होपी लोकांची वस्ती आहे. झुनींची भाषा वेगळी, होपींची वेगळी, रिओ ग्रँडे नदीकाठच्या तेवांची वेगळी. एका गावची बोली दुसऱ्या गावाला कळेलच असे नाही. घागरीही तशाच. जाणता माणूस नुसती घागर पाहून सांगेल, ही झुनीची, ही ॲकोमाची, ही झियाची.

मुलूख कोरडा. वर्षाला पाऊस दहा-बारा इंचांच्या आसपास. आपल्या माणदेशाला आपण दुष्काळी म्हणतो, पण तिथेही याच्या जवळजवळ दुप्पट पडतो. अशा ठिकाणी ही माणसे मका, घेवडा आणि भोपळा पिकवीत आली. पाणी लांबून आणायचे, डोक्यावरून आणायचे. ॲकोमा हे गाव तर साडेतीनशे फूट उंच खडकाच्या माथ्यावर वसलेले आहे. तिथल्या घागरींचे बूड आत दबलेले असते, म्हणजे ती डोक्यावर नीट बसते. आणि जाडी इतकी कमी, की उचलली तर रिकामी आहे याची हाताला खात्रीच पटू नये. ओझे पाण्याचे असावे, मातीचे नको, असा त्या बायांचा हिशेब.

आता ती करतात कशी ते पाहू या. आपल्या कुंभाराचे पहिले साधन म्हणजे चाक. यांच्याकडे चाक नाहीच. माती टेकडीवरून खणून आणायची, वाळवायची, दळायची, चाळायची. नुसत्या मातीचे भांडे भाजताना तडकते, म्हणून तिच्यात काही मिसळावे लागते. झियाच्या बाया काळा दगड कुटून घालतात, सान इल्देफोन्सोला ज्वालामुखीची राख घालतात आणि ॲकोमाला जुन्या फुटक्या भांड्यांची खापरे दळून तो भुगा घालतात. हे मला फार आवडते. आजीची घागर फुटली की ती उकिरड्यावर जात नाही, नातीच्या घागरीत जाते. त्या नातीच्या घागरीतल्या भुग्यात कदाचित आजीच्याही आजीच्या घागरीचा कण असेल.

मग मळलेल्या मातीच्या दोऱ्या वळायच्या आणि एका उथळ परळात बूड ठेवून वेढ्यावर वेढा चढवीत भिंत उभी करायची. वाळक्या भोपळ्याच्या तुकड्याने आतून-बाहेरून खरवडायची. वाळली की पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यायचा आणि गुळगुळीत गोट्याने घोटायची. हा घोटायचा गोटा आईकडून लेकीकडे येतो. काळ्या रंगासाठी एका रानभाजीची पाने उकळून, आटवून त्याच्या वड्या करून ठेवतात. ही वनस्पती आपल्याकडच्या तिळवणीच्या कुळातली आहे. बऱ्याच गावांत त्या रसात लोखंडाचा दगड उगाळतात. तांबड्यासाठी गेरूसारखी माती. कुंचला म्हणजे युक्का नावाच्या, घायपातीसारख्या झाडाच्या पानाची चिंचोळी पट्टी. तिचे टोक दाताने चावून चावून तंतू मोकळे करायचे. केसासारखी बारीक रेघ हवी तर दोन-तीनच तंतू ठेवायचे. शेवटी उघड्यावर, शेणाच्या गोवऱ्या रचून भाजायचे. गोवऱ्यांच्या बाबतीत मात्र त्यांना काही शिकवायला नको आणि आपल्यालाही.

पण खरी मौज रंगविण्यात आहे. घागर गोल. कागदासारखी ती सगळी एकदम दिसत नाही. एक बाजू दिसते तेव्हा दुसरी पाठीमागे असते. तिच्यावर चार हरणे काढायची किंवा तीन मोठी चक्रे काढायची तर ती सारख्या अंतरावर बसली पाहिजेत, शेवटच्याला जागा कमी पडता कामा नये. आपण असतो तर आधी कोळशाने आखून घेतले असते. या बाया आखीत नाहीत. घागर हातात घेऊन फिरवून पाहतात, बोटांनी माप घेतात, आणि मग सरळ रंगच लावतात. पुसून परत काढण्याची सोय नाही. म्हणजे नक्षी आधी पुरी डोक्यात असावी लागते.

ती डोक्यात येते कुठून? हा प्रश्न एका बाईने विचारला. रूथ बुन्झेल तिचे नाव. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रान्झ बोआस हे मानववंशशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. त्यांच्या कचेरीत ही सेक्रेटरी होती. १९२४ च्या उन्हाळ्यात ती झुनीला गेली. तिने काय केले, तर ती कुंभारणींपाशी मातीत हात घालून बसली आणि घागर करायला शिकू लागली. शिकता शिकता विचारू लागली, आणि जुन्या घागरींची छायाचित्रे दाखवून ही चांगली का, ती वाईट का, असे बोलते करू लागली. तिचे 'द प्वेब्लो पॉटर' हे पुस्तक १९२९ साली निघाले. पंडितांनी लिहिलेल्या पुस्तकांत कारागिराचे स्वतःचे म्हणणे फारसे कुठे सापडत नाही. इथे ते आहे.

बायांनी तिला सांगितले की आम्ही नक्षीचा विचार सारखा करीत असतो. रात्री अंथरुणात करतो. कधी नक्षी स्वप्नात दिसते आणि सकाळी उठून आम्ही ती काढतो. दुसरीची नक्षी उचलणे बरे नव्हे, असेही त्या म्हणत. आता गंमत अशी, की बाहेरच्या माणसाला एका गावच्या घागरी बहुतेक सारख्याच दिसतात. त्याच पायऱ्या, तीच चक्रे, तेच पक्षी. बायांना मात्र प्रत्येक घागर नवी वाटते. यात खोटे कोणीच नाही. आपल्या ओव्यांचे तसेच नाही का? चाल ठरलेली, जात्याचा घास ठरलेला, आणि तरी दळणारी बाई म्हणते, ही ओवी माझी.

आणखी एक प्रश्न तिने विचारला, जो तुम्हीआम्हीही विचारला असता: या नक्षीचा अर्थ काय? पायऱ्यापायऱ्यांची आकृती म्हणजे ढग. खाली ओढलेल्या बारीक रेघा म्हणजे पाऊस. नागमोडी म्हणजे वीज. हे पुष्कळ ठिकाणी ऐकू येते, आणि दहा इंच पावसाच्या मुलखात ते मनाला पटतेही. झुनीत देवकार्यात मक्याचे पीठ ठेवायचे जे वाडगे असतात त्यांच्यावर बेडूक, बेडकाची पिले, चतुर असे सगळे पाण्याचे सोयरे रंगविलेले असतात आणि वाडग्याचा काठच पायऱ्यापायऱ्यांचा, ढगासारखा. तिथे अर्थ उघड आहे. पण घरच्या पाण्याच्या घागरीवर? तिथे बुन्झेलला निराळाच अनुभव आला. एकाच आकृतीला एक बाई एक नाव सांगे, दुसरी दुसरेच सांगे. ॲकोमाच्या बाया तर म्हणत, अर्थ वगैरे काही नाही, सुरेख दिसते म्हणून काढतो.

यावरून काही विद्वानांनी ठरविले की नक्षीला अर्थ नाहीच. मला हा निकाल घाईचा वाटतो. या लोकांचा इतिहास जरा आठवा. स्पॅनिश राजवटीत पाद्र्यांनी त्यांची देवकार्ये बंद पाडली, पूजेच्या वस्तू जाळल्या. १६८० साली बहुतेक गावांनी संगनमत करून उठाव केला. दोरीला गाठी मारून ती गावोगाव पाठविली, म्हणजे कोणत्या दिवशी उठायचे ते गाठी सोडवून कळावे. स्पॅनिशांना त्यांनी बारा वर्षे मुलखाबाहेर ठेवले. १६९२ नंतर ते परत आले. तेव्हापासून गावकऱ्यांनी एक शहाणपण धरले: आपले देवाधर्माचे परक्याला सांगायचे नाही. याच सुमारास, सतराशेच्या आगेमागे, रिओ ग्रँडेकाठची शिशाची चकचकीत झिलई बंद पडली, तिच्या जागी साधा, न चमकणारा रंग आला आणि घागरींवर पिसांची नक्षी फार दिसू लागली. पिसे ही त्यांच्याकडे प्रार्थनेची वस्तू. हा योगायोग की आणखी काही, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण अशा लोकांत एखादी बाई पाहुणीला 'अर्थ काही नाही' म्हणाली, तर ते तिला ठाऊक नव्हते म्हणून की सांगायचे नव्हते म्हणून, हे ठरविणारे आपण कोण?

आता त्या तुटलेल्या रेघेकडे येऊ. तिच्याबद्दल मात्र झुनीत बोलले जाई. बुन्झेलच्या आधी फ्रँक कुशिंग नावाचा तरुण झुनीत जाऊन १८७९ पासून १८८४ पर्यंत राहिला होता. त्याला बायांनी सांगितले की ही वाट आहे, जीव बाहेर जायची वाट. भांडे तयार झाले की त्याला स्वतःचा जीव असतो. टिचकी मारली की वाजते ना, तो त्याचा आवाज. रेघ जोडून टाकली तर तो जीव कोंडेल. बुन्झेललाही असेच कळले, फक्त जरा निराळ्या बाजूने: रेघ ही रंगविणारीची आयुष्याची वाट; ती मिटविली तर काढणारीचेच काही बरेवाईट होईल. झुनीखेरीज इतर काही गावांतही ही रेघ उघडी ठेवतात.

झुनीचेच आणखी एक चित्र सांगतो. हरीण. काळ्या रंगातले, उभे, सभोवती कमान. ती कमान म्हणजे हरणाचे घर. आणि त्याच्या तोंडातून एक तांबडा बाण निघून सरळ काळजापर्यंत गेलेला असतो. बाहेरून मारलेला बाण नव्हे. श्वास आत जातो ती वाट. हरणाचे कातडे दिसते तसे काढून त्याच वेळी आतला प्राणही दाखवायचा, हे एका रेघेत साधले आहे.

एवढे सगळे डोक्यात वागविणाऱ्या बायांच्या हातून ही कला सुटत कशी चालली, तेही सांगितले पाहिजे. १८७९ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेची मंडळी झुनीत आणि होपी गावांत आली. कुशिंग त्यांच्याबरोबरच आला. त्यांचा हेतू असा की ही संस्कृती आता नाहीशी होणार, तेव्हा जेवढे हाती लागेल तेवढे जमवून ठेवावे. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्यांनी हजारो भांडी गाड्या भरभरून नेली. विकत घेतली, अदलाबदलीने घेतली. १८८० साली सांता फेपर्यंत रेल्वे पोचली. रेल्वेने पत्र्याच्या बादल्या आणि चिनी मातीच्या बशा आणल्या, आणि प्रवासी आणले. प्रवाशाला पाण्याची घागर नको होती. पेटीत मावेल अशी, दोन-चार आण्यांची नवलाई हवी होती.

विचार करा. लेक आईची घागर पाहून शिकते. नक्षी कागदावर नाही, घरातल्या घागरींवर आहे. त्या घागरीच गावाबाहेर गेल्या तर पुढच्या मुलीने पाहायचे काय? संस्कृती नाहीशी होईल म्हणून जे उचलून नेले, त्या उचलण्यानेही ती नाहीशी व्हायला हातभार लागला. त्या विद्वानांना दुष्ट म्हणण्यात अर्थ नाही. त्यांनी नेले म्हणून पुष्कळ भांडी वाचली, हेही तितकेच खरे.

काही जणींनी मात्र वाट काढली. होपींच्या मुलखात हानो गावी नाम्पेयो नावाची कुंभारीण होती. ती १८६० च्या सुमारास जन्मली, १९४२ मध्ये वारली. जवळच सिक्यात्की हे स्पॅनिशांच्या आधी ओस पडलेले गाव. तिथल्या पिवळ्या भांड्यांवर वळणदार चोची आणि पसरलेले पंख असलेले अजब पक्षी असत. १८९५ साली फ्यूक्स या संशोधकाने ते गाव खणले आणि त्यावरून नाम्पेयोला ती नक्षी कळली, असे पुष्कळ वर्षे सांगत. ती त्याच्या आधीपासूनच जुनी खापरे पाहून तशी नक्षी काढू लागली होती, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. मला विशेष वाटते ते असे, की तिने खापरांवरची नक्कल केली नाही. खापर केवढे, तळहाताएवढे. त्यावरून तिने पक्ष्याची चाल ओळखली आणि पुरा पक्षी आपला काढला. उतारवयात तिची दृष्टी गेली. हात घागर घडवीतच राहिले. नक्षी घरची माणसे काढू लागली. आज तिच्या पणत्या-खापरपणत्या तेच काम करतात.

सान इल्देफोन्सोच्या मारिया मार्तिनेझ आणि त्यांचे पती हुलियान यांचे नाव तर जगभर झाले. मारियाबाई घडवीत आणि घोटीत, हुलियान रंगवीत. १९२० च्या सुमारास त्यांनी काळ्यावर काळी नक्षी साधली. भाजताना घोड्याच्या लिदीचा भुगा टाकून धूर कोंडायचा, म्हणजे घोटलेला भाग आरशासारखा काळा होतो आणि रंगविलेला भाग मंद काळा. त्यांच्याविषयी स्वतंत्र भाषणच व्हावे.

सांता फे शहरातली १९२२ सालची एक हकीगत आहे. एका घरी जेवणाची पंगत असताना एक जुनी झुनी घागर फुटली. घर कोणा गोऱ्या बाईंचे होते. पाहुण्यांना हळहळ वाटली, आणि बोलता बोलता ठरले की अशा घागरी याच मुलखात राहाव्यात यासाठी फंड काढावा. त्या फंडाचा पुढे मोठा संग्रह झाला. त्यात पुढाकार घेणाऱ्यांत डॉक्टर हॅरी मेरा होते. झुनीच्या एका चक्राकार पक्ष्याच्या आकृतीवर त्यांनी १९३७ साली अख्खे पुस्तक लिहिले. याच डॉक्टरांनी न्यू मेक्सिको राज्याचा झेंडा तयार केला. पिवळ्या कापडावर तांबडा सूर्य, चारी बाजूंना चार चार किरण. हा सूर्य झिया गावच्या एका जुन्या घागरीवरचा. झेंडा १९२५ साली कायद्याने मान्य झाला. झियाच्या लोकांना कोणी विचारले नव्हते. त्यांच्यासाठी तो सूर्य पूजेतला आहे, आणि तो त्यांना दुकानांच्या पाट्यांवर, मोटारींच्या नंबरप्लेटवर दिसू लागला. पुढे त्यांनी याविरुद्ध आवाज उठविला. २००० साली एका विमान कंपनीने विमानावर तो रंगविताना झियाची परवानगी घेतली आणि गावच्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी देणगी दिली. निदान एकाने तरी विचारले.

शिक्षक मंडळींना आवडेल अशी गोष्ट झुनीचीच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे घागर करणाऱ्या बाया फार थोड्या उरल्या होत्या. तेव्हा गावच्या हायस्कुलात मातीकामाचा वर्ग सुरू झाला. शिकवायला आधी होत्या डेझी हूई, म्हणजे त्या हानोच्या नाम्पेयोची नात. आणि १९७० नंतरच्या दशकात त्यांच्या जागी आल्या जेनी लाटे, त्या जन्माने ॲकोमाच्या. दोघीही लग्नामुळे झुनीत आलेल्या. म्हणजे झुनीच्या मुलांना झुनीची नक्षी शिकविली ती परगावच्या बायांनी. ॲकोमाची माहेरची नक्षी हातात असताना जेनीबाईंनी मुलांपुढे जुन्या झुनी घागरींचीच चित्रे ठेवली. आणि याच काळात झुनीचे काही कुंभार जुन्या घागरी पाहायला वॉशिंग्टनला, स्मिथ्सोनियनच्या कपाटांपाशी गेले.

शेवटी एका प्रदर्शनाविषयी सांगतो. २०२२ साली ते सांता फेला भरले आणि २०२३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयात. भांडी शंभरावर. ती निवडली विद्वानांनी नव्हे. निरनिराळ्या प्वेब्लो गावांतल्या साठाहून अधिक माणसांनी एकेक-दोनदोन निवडली आणि शेजारच्या पाट्याही त्यांनीच लिहिल्या. कुंभारणी, कवी, तरुण, म्हातारे असे सगळे त्यांत होते. भांड्याचे साल आणि जात सांगण्यापेक्षा आजीचे स्वयंपाकघर, पाण्याची चव, मातीचा वास यांविषयीच त्यांनी लिहिले. नक्षीचे जेवढे सांगायचे तेवढे सांगितले, उरलेले सांगितले नाही. त्यांतली बरीचशी भांडी आली होती सांता फेच्या त्याच संग्रहातून, ज्याची सुरुवात १९२२ साली पंगतीत फुटलेल्या झुनी घागरीने झाली.